रस्ता झाला गुळगुळीत, चालणाऱ्याची वाढली धास्ती : गावठाणातला वेग कमी कोण करणार?

पुणतांबा (ता. राहाता) : गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला की पहिले काही दिवस सगळे खूश असतात. चिखल गेला, धूळ गेली, दारात पाणी साचायचं थांबलं. महिना-दोन महिन्यांनी मात्र एक वेगळंच गाऱ्हाणं ऐकू यायला लागतं. ‘पोरं लई जोरात गाड्या पळवतात.’ आधी खड्डे होते तेव्हा गाडी आपोआप हळू चालायची. आता खड्डे नाहीत आणि अडवणारं दुसरं काहीच नाही. ओट्यावर बसणाऱ्या आजीबाई, शाळेला सायकलवर निघालेली मुलगी आणि हंडा किंवा जार घेऊन येणारी बाई, या सगळ्यांना त्याच दहा-बारा फुटांत अंग चोरून चालावं लागतं.

रस्ता चांगला व्हायलाच हवा, यात वाद नाही. पण रस्ता करताना अंदाजपत्रकात खडी, सिमेंट आणि गटार लिहिलं जातं. माणूस कुठून चालणार, हे लिहिलं जात नाही. गावोगाव हीच गोष्ट राहून जाते, आणि नंतर अपघात झाला की रास्ता रोको होतो. तो व्हायच्या आधी काय करता येईल, खर्च किती, अधिकार कोणाचा आणि ग्रामसभेने नेमकं काय ठरवायचं, हे पाहणं गरजेचं आहे.

पुणतांब्यासाठी हा विषय मोठा का?

पुणतांबा हे गोदाकाठचं जुनं गाव. चांगदेव महाराजांची समाधी, अहिल्यादेवी होळकरांच्या काळातला घाट, जुनी मंदिरं यामुळे इथं बाहेरच्या माणसांचा राबता कायमचा. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचं हे जंक्शन असून साईनगर शिर्डीचा फाटा इथूनच सुटतो. एका बाजूला कोपरगाव, दुसरीकडे श्रीरामपूर, तिसरीकडे राहाता आणि शिर्डी. चारही दिशांना उसाचा पट्टा. म्हणजे रेल्वेचे प्रवासी, भाविक, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली, कांद्याचे पिकअप आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या, या सगळ्यांची ये-जा गावातून किंवा गावाला खेटून.

दुसरीकडे ‘समृद्धी’ महामार्ग शेजारच्या कोपरगाव तालुक्यातून गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, ट्रॅक्टर आणि दुचाकीला प्रवेशच नाही. जिथे पायी माणूस येतच नाही, तिथे वेगाचा बोर्ड आहे, कॅमेरे आहेत, दंड आहे. आणि जिथे लहान पोर दारातून थेट रस्त्यावर येतं, त्या गावठाणातल्या गल्लीत वेगाची पाटी शोधून सापडत नाही. राज्यातल्या बहुतेक गावांची हीच अवस्था आहे.

आकडे काय सांगतात?

‘अपघात हायवेला होतात, गावात काय होतंय’ असं म्हणायची सवय आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल वेगळं सांगतो. त्या वर्षी देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते. पायी चालणारे ३२ हजार ८२५ जण मेले, म्हणजे साधारण पाचात एक. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून जास्त बळी गेले.

गाडीत बसलेल्याला पत्रा असतो, पट्टा असतो, एअरबॅग असते. दुचाकीवाल्याला निदान हेल्मेट तरी असतं. पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला यातलं काहीच नाही. त्याला वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे समोरच्या गाडीचा कमी वेग.

वेगाचं साधं गणित

समजा बोळातून पोर एकदम पळत रस्त्यावर आलं. चालकाला ते दिसून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो. तोवर गाडी चालतच राहते. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले तर हिशेब असा बसतो :

- ताशी २० किलोमीटर : गाडी साधारण २५ फुटांत थांबते.
- ताशी ३० किलोमीटर : साधारण ४५ फूट लागतात.
- ताशी ५० किलोमीटर : ९० फुटांच्या पुढे जाते.

गावठाणातल्या बोळाच्या तोंडाशी चालकाला समोरचं पोर किती फुटांवर दिसतं? पुष्कळदा पंचवीस-तीस फुटांवर. म्हणजे वीसच्या वेगात पोर वाचतं, तीसला धडक बसते आणि पन्नासला तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी अंगावर आलेली असते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हेही विसरून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. २०२० साली स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत जिथे माणसं आणि वाहनं एकत्र असतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असं ठरलं ते याचमुळे.

आता वेळेचा हिशेब. गावठाणातलं अर्ध्या किलोमीटरचं अंतर चाळीसच्या वेगाने पाऊण मिनिटात संपतं. वीसच्या वेगाने दीड मिनिट लागतं. फरक ४५ सेकंदांचा. एवढ्या वेळात चहाचा कपही येत नाही.

जुनं गावठाण शहाणं होतं

जुन्या गावांची रचना नीट पाहिली तर वेग आपोआप कमी होईल अशीच ती आहे. गावात शिरताना वेस, मग वळण, पुढे पार, पारावर झाड, नंतर अरुंद आळी. बैलगाडीला घाई नव्हती हे खरं, पण वेशीतून आत आलं की आपण माणसांच्या जागेत आलो, हे प्रत्येकाला कळायचं. गल्ली हे घराचंच पुढचं अंगण होतं. तिथे पापड वाळायचे, लग्नाचा मांडव पडायचा, पोरं विटीदांडू खेळायची.

गंमत म्हणजे युरोपातल्या नेदरलँड्स देशाने हीच गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात बसवली. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांचे खून थांबवा’ हेच त्यांच्या चळवळीचं नाव होतं. १९७६ मध्ये तिथे राहत्या वस्तीच्या गल्ल्यांसाठी वेगळा कायदा आला. त्या गल्लीत पायी माणूस आणि खेळणारं मूल यांचा हक्क पहिला, गाडीने माणसाच्या चालीने जायचं. त्यासाठी रस्ता सरळसोट न ठेवता मध्ये झाडं, वळणं आणि उंचवटे ठेवले. सायकल आज त्या देशाची ओळख झाली, तिची सुरुवात अशी घरासमोरच्या गल्लीतून झाली.

आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले, लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळून दिवसभर वाहनं बंद ठेवली गेली. पण ही मोठ्या महापालिकेची कामं झाली. गावाला तेवढा पैसा लागत नाही, कारण गावाची गल्ली मुळातच छोटी आणि ओळखीची आहे.

रस्ता कोणाचा, हे आधी शोधा

गावात तक्रार झाली की टोलवाटोलवी सुरू होते. ग्रामपंचायत म्हणते बांधकाम खात्याकडे जा, बांधकाम खातं म्हणतं जिल्हा परिषदेकडे जा. म्हणून पहिली पायरी ही :

- गावठाणातल्या अंतर्गत गल्ल्या आणि रस्ते : ग्रामपंचायत.
- ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग : जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग.
- प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग : सार्वजनिक बांधकाम विभाग.
- रेल्वे फाटक, भुयारी मार्ग आणि त्यालगतचा भाग : रेल्वे.

आपल्या दारासमोरचा रस्ता यापैकी कशात मोडतो, हे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत असतं. ते ग्रामसेवकांकडे (आताच्या नावाने ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे) विचारता येतं. ज्या गावातून मोठा रस्ता जातो तिथे एकाच रस्त्याचं डांबर एकाचं, कडेचं गटार दुसऱ्याचं आणि विजेचा खांब तिसऱ्याचा असा प्रकार असतो. अर्ज तिघांनाही करावा लागतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे गावातले रस्ते, दिवाबत्ती, गटारं ही ग्रामपंचायतीची कामं आहेत. याच कायद्याच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण काढायचा अधिकार तिला दिला आहे. ग्रामपंचायतीने हात वर केले तर जिल्हाधिकाऱ्यांना लक्ष घालता येतं. अवजड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी घालायची असेल तर मात्र एकटी ग्रामपंचायत पुरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली जिल्हा पातळीवरून आदेश निघावा लागतो. ग्रामसभेचा ठराव हा त्या मागणीचा पाया ठरतो.

सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय उचलला आहे. १४ मे २०२५ रोजी न्यायालयाने म्हटलं की पादचाऱ्याला नीट फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी पादचारी आणि विनाइंजिन वाहनांसाठी, तसंच राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांच्या रचनेसाठी सहा महिन्यांत नियम करा, असे आदेश राज्यांना दिले. विनाइंजिन वाहनांत सायकल आली, बैलगाडीही आली. म्हणजे गल्लीतला चालणारा आता फक्त विनंती करत नाही, त्याच्या मागणीला कायद्याचा आधार आहे.

गतिरोधक करायचा तर नीट करा

गावात पहिली मागणी असते गतिरोधकाची. मग रात्रीतून कोणीतरी दीड फूट रुंद आणि आठ इंच उंच असा सिमेंटचा वरवंटा रस्त्यावर घालतं. त्यावर मागे बसलेली बाई उसळून पडते, बाळंतिणीला दवाखान्यात नेताना जीव जातो की राहतो असं होतं, दुधाचे कॅन सांडतात. काही दिवसांनी वैतागून दुसरं कोणीतरी तो पहारीने फोडतं. अशा गतिरोधकाने जितके अपघात टळतात तितकेच नवे होतात.

भारतीय रस्ते महासभेने (आयआरसी) याचं माप ठरवून दिलं आहे. गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच. रुंदी ३.७ मीटर, म्हणजे जवळपास बारा फूट. माथा गोलसर. या मापावरून गाडी ताशी २५ च्या आसपास गेली तर धक्का बसत नाही, जोरात गेली तरच बसतो. त्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि सुमारे ४० मीटर आधी सूचनेची पाटी हवी. रात्री दिसण्यासाठी रेडियम हवं. पाणी तुंबू नये म्हणून कडेला गटारापाशी जागा सोडावी लागते.

रस्त्याचं काम चालू असतानाच गतिरोधक केला तर खर्च फार वाढत नाही. नंतर वेगळं काम काढलं की अंदाजपत्रक, मंजुरी आणि ठेकेदार हे सगळं नव्याने. म्हणून नव्या सिमेंट रस्त्याला मंजुरी देतानाच ही अट घालणं शहाणपणाचं.

कमी पैशात होणारी कामं

गतिरोधक हा एकच उपाय नाही. गल्ली सुरक्षित करायची तर पुढची कामं मिळून जास्त उपयोगी पडतात :

१. झाकलेलं गटार हाच गावचा फुटपाथ. अरुंद गल्लीत वेगळ्या फुटपाथला जागा कुठून आणणार? पण दोन-अडीच फुटांचं गटार बहुतेक ठिकाणी आहेच. त्यावर मजबूत आणि सपाट झाकणं टाकली तर तीच चालायची जागा होते. उघड्या गटारामुळे माणूस रस्त्याच्या मध्ये येतो, झाकलेल्या गटारामुळे कडेला जातो. साफसफाईसाठी काढता येतील अशी झाकणं ठेवावीत.

२. कोपरे मोकळे. चौकाच्या तोंडाशी वाढदिवसाचे फ्लेक्स, वाळूचा ढीग, सरपण, उभी ट्रॉली असली की येणारी गाडी दिसत नाही. प्रत्येक चौकात निदान पंधरा-वीस फूट कोपरा मोकळा ठेवायचा, एवढा एक नियम केला तरी मोठा फरक पडतो. याला पैसे लागत नाहीत, हिंमत लागते, कारण फ्लेक्सवर गावातलेच पुढारी असतात.

३. वेशीवर पाटी. गावात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर ‘राहती वस्ती, वेग २०’ अशी ठळक पाटी आणि तिथेच एक उंचवटा. चालकाला आपण कुठे आलो हे कळलं पाहिजे. जुनी वेस हेच काम करत होती.

४. कडेला पांढरी पट्टी. रस्ता अठरा-वीस फूट असेल तर एका बाजूला चार-पाच फुटांवर पांढरी रेघ मारून ती बाजू पायी आणि सायकलवाल्यांसाठी धरायची. रेघेमुळे रस्ता अरुंद दिसतो आणि चालक आपसूक वेग कमी करतो.

५. शाळेचा अर्धा तास. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास अवजड वाहन त्या रस्त्याने न्यायचं नाही. पंधरा मिनिटांसाठी एक शिक्षक आणि दोन पालक शिट्टी घेऊन उभे राहिले तरी पुष्कळ होतं.

६. दिवे. संध्याकाळी सात ते नऊ ही धोक्याची वेळ. वळण, शाळा, मंदिर आणि दूध डेअरी या चार जागी आधी दिवा लावा, मग बाकीच्या खांबांचा विचार करा.

७. सायकलला रेडियम. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलामुलींच्या सायकलीला मागे-पुढे आणि पायडलला रेडियम पट्टी लावायला फार थोडा खर्च येतो. शाळेत एका दिवसात शंभर सायकलींचं काम होतं.

जिथे फुटपाथ नाही त्या रस्त्याने पायी जाताना उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरून येणारं वाहन डोळ्यांना दिसतं. सायकल मात्र डाव्या कडेनेच. ही गोष्ट घराघरात पोरांना सांगायला काहीच लागत नाही.

ऊस हंगाम : चार-पाच महिन्यांची कसोटी

हंगाम सुरू झाला की सगळे नियम मागे पडतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यात पंधरा-वीस टन ऊस, ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नाही, मागे दिवा नाही आणि पुढे मोठ्या आवाजात गाणी. मागून सायकलची घंटा वाजली काय किंवा कोणी ओरडलं काय, चालकाला ऐकू येत नाही. रात्री बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते आणि दुचाकीवाला मागून जाऊन धडकतो.

ऊस थांबवा असं कोणी म्हणत नाही. तो शेतकऱ्याचाच आहे, वेळेत गाळपाला गेलाच पाहिजे. पण गावठाणाबाहेरून जाणारा रस्ता असेल तर भरलेली वाहनं तिकडूनच जावीत. नसेल तर गावातून जाताना चालीचा वेग, गाणी बंद आणि ट्रॉलीच्या मागे रेडियम, या तीन अटी कारखान्यांच्या शेतकी विभागाला लेखी कळवाव्यात. कारखान्याचे ऊस वाहतूकदारांशी करार असतात. अट करारातच आली तर ती पाळली जाते. रेडियम आणि जादा भार तपासायचं काम श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाचं आणि पोलिसांचं आहे. हंगामाच्या आधी ऑक्टोबरातच पत्र दिलं तर उपयोग, जानेवारीत ओरडून नाही.

आपल्याच पोरांचं काय?

सगळा दोष बाहेरच्या गाड्यांवर टाकून भागत नाही. गल्लीत सर्वात जोरात जाणारी गाडी पुष्कळदा आपल्याच घरातली असते. नववी-दहावीतला पोरगा बापाची मोटारसायकल घेऊन पेट्रोल टाकायला जातो आणि घरच्यांना त्याचं कौतुक वाटतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. त्याच दुरुस्तीतलं कलम १९८ अ ठेकेदार आणि अधिकाऱ्यांसाठी आहे. रस्त्याच्या रचनेतल्या किंवा देखभालीतल्या हयगयीमुळे जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर त्यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे जबाबदारी दोन्हीकडे आहे, घरातही आणि कार्यालयातही.

विरोध होणारच

असं काही करायचं म्हटलं की तीन आवाज हमखास उठतात.

पहिला दुकानदाराचा. ‘गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येईल का?’ गावातलं निम्मं गिऱ्हाईक पायीच येतं. त्याला निर्धास्त थांबता आलं तर तो दोन वस्तू जास्तच घेतो. गाड्या लावायला बाजारतळ किंवा एखादी मोकळी जागा ठरवून दिली तर हा प्रश्न सुटतो. बाजाराच्या दिवसासाठी वेगळी सोय लागेल, ती आधीच ठरवावी.

दुसरा आवाज रुंदीकरणवाल्यांचा. ‘रस्ता रुंद करा, अपघात आपोआप थांबतील.’ अनुभव उलटा आहे. रुंद आणि सरळ रस्त्यावर वेग वाढतो आणि ओलांडायचं अंतरही वाढतं. मोठ्या मार्गाला रुंदी हवी, राहत्या गल्लीला नको. गल्लीला मोकळ्या कडा हव्यात.

तिसरा आवाज सर्वात अवघड, अतिक्रमणाचा. चांगदेव भेटीला आले तेव्हा ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. हल्ली गावोगाव ओटे चालतात. दरवर्षी अर्धा फूट पुढे येतात, मग पायरी, मग पत्र्याची शेड, मग गाडी लावायचा उतार. चालणाऱ्याची जागा अशीच गेली. इथे भावकी आड येते, मतांचं गणित आड येतं. यावर एकच मार्ग टिकतो. मोजणी सगळ्यांची करायची, रेघ सगळ्यांना सारखी मारायची, आणि सुरुवात सदस्य-पुढाऱ्यांच्या ओट्यापासून करायची. एकालाच लक्ष्य केलं की भांडण कोर्टात जातं आणि रस्ता तसाच राहतो. गरिबाची रोजची हातगाडी आणि पक्कं बांधकाम यांना एका मापाने मोजणंही बरोबर नाही. हातगाडीला पर्यायी जागा आधी द्यावी.

पैसा कुठून?

वर सांगितलेल्या कामांपैकी निम्मी बिनपैशाची आहेत. बाकीच्यांसाठी ग्रामपंचायत विकास आराखड्यात तरतूद करावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीचा ४० टक्के हिस्सा अबंधित ठेवला, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा. जनसुविधेचा निधी, ‘२५१५’ मधली कामं, आमदार-खासदार निधी हे रस्त्याचे नेहमीचे मार्ग आहेतच. मुद्दा नव्या योजनेचा नाही. ज्या पैशातून रस्ता होणार आहे त्याच अंदाजपत्रकात झाकण, उंचवटा, पट्टी आणि पाटी घालून घेण्याचा आहे.

ठरावात काय लिहायचं?

नुसतं ‘रस्ता सुरक्षा व्हावी’ असा ठराव केला तर तो फायलीत पडून राहतो. कोण, कुठे, कधी हे लिहावं लागतं. ठराव साधारण असा असावा :

*‘गावठाणातील सर्व अंतर्गत रस्ते हे राहत्या वस्तीचे रस्ते मानून त्यावर ताशी २० किलोमीटर वेगमर्यादेची पाटी लावण्यात यावी व त्यास सक्षम अधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी. शाळेच्या रस्त्यावर शाळा भरताना व सुटताना अर्धा तास अवजड वाहनांस बंदी करण्याबाबत जिल्हा प्रशासनास प्रस्ताव पाठवावा. यापुढील प्रत्येक रस्त्याच्या अंदाजपत्रकात गटारावर झाकण, आयआरसी मापाचा गतिरोधक व कडेची पट्टी यांचा समावेश असल्याशिवाय काम सुरू करू नये. चौकातील कोपरे तीस दिवसांत मोकळे करावेत. पुढील ग्रामसभेत या कामांचा अहवाल ठेवावा.’*

शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. अहवाल मागितला नाही तर कामही होत नाही. ठरावाच्या प्रती गटविकास अधिकारी, सार्वजनिक बांधकाम विभाग, पोलीस ठाणे, परिवहन कार्यालय आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्याव्यात आणि पोच घ्यावी.

ठरावाला जोड म्हणून गावानेच थोडी मोजणी करावी. सकाळी शाळेच्या वेळी, दुपारी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास दोन पोरांनी वही घेऊन बसायचं. किती पायी, किती सायकली, किती दुचाकी, किती ट्रॅक्टर, एवढं लिहायचं. मोबाइलवर कोपऱ्यांचे फोटो काढायचे. अधिकाऱ्यासमोर ‘लई गाड्या असतात’ म्हणणं वेगळं आणि आकडा ठेवणं वेगळं.

ग्रामसभेची ताकद या गावाला नव्याने सांगायला नको

२०१७ साली पुणतांब्याच्या ग्रामसभेने शेतकरी संपाचा निर्णय घेतला. १ जूनपासून दूध-भाजीपाल्याचा पुरवठा थांबला आणि मुंबईतल्या मंत्रालयापर्यंत हादरे बसले. २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा याच गावात धरणं धरलं गेलं. एका गावच्या पारावर झालेला ठराव राज्याचा विषय होऊ शकतो, हे पुणतांब्याने दाखवून दिलं आहे. त्या मानाने गल्लीतल्या गाडीचा वेग कमी करणं लहान काम. तरी ते राहून जातं, कारण ग्रामसभेत रस्ता ‘मंजूर झाला का’ एवढंच विचारलं जातं.

आणखी एक गोष्ट. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्याने आवश्यक आहे. रस्त्याची खरी माहिती बायकांकडे असते. पाणी, दळण, शाळेतली पोरं, दवाखाना या सगळ्यासाठी पायी त्याच जास्त फिरतात. कोणत्या वळणावर भीती वाटते, कुठे अंधार असतो, कोणत्या वेळी पोराचा हात सोडता येत नाही, हे त्या दहा मिनिटांत सांगतील. हा विषय तिथून निघाला तर मुख्य ग्रामसभेत त्याला कोणी हसून बाजूला सारू शकणार नाही.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातली कमी असेल तेवढी माणसं पुरतात. शंभर माणसं लग्नाच्या साखरपुड्यालाही जमतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी तारीख आधी येईल त्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घेण्यासाठी लेखी अर्ज आठवडाभर आधी ग्रामपंचायतीत द्यावा आणि पोच जपून ठेवावी.